खिमी जामीन राहिली

खिमीला मी आजवर चार वेळा कामावरून काढलंय. पहिल्यांदा ती गाद्या उन्हात टाकायला विसरली म्हणून. दुसऱ्यांदा ती विसरली नव्हती, पण मला तसं वाटलं म्हणून. तिसऱ्यांदाचं कारण आता मलाच आठवत नाही. आणि चौथ्यांदा तिनं चंदीगडच्या पाहुण्यांसमोर मला सांगितलं, "मॅडमजी, तुम्ही जरा आत जाऊन बसा." मी, घराची मालकीण, आत जाऊन बसायचं! चारही वेळा ती नुसतं "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला येऊन घर उबदार ठेवणारी लोखंडी शेगडी, आमचा तंदूर, पेटवला. विचारलं, "तुला काढलं होतं ना?" तर म्हणाली, "ते काल. आज पाहुणे आहेत."

मी चैतरी देवी. एकतीस वर्षं धारोगच्या प्राथमिक शाळेत मुलं हाकली. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय, त्यामुळे चाळिशीतले बापे अजूनही माझा आवाज ऐकला की हातातली विडी पाठीमागे लपवतात. आवाज माझा आहेच तसा. निवृत्त झाले त्याच वर्षी आमचे हे गेले, मुलगी मंडी शहरात तिच्या संसारात, आणि तीन मजल्यांचं लाकडी घर मला खायला उठलं. मग चार खोल्या नीटनेटक्या केल्या, न्हाणीघरात गरम पाण्याची सोय केली आणि होमस्टे सुरू केला. मनालीच्या गर्दीला विटलेली माणसं दोन-चार दिवस वर आमच्याकडे येतात, वाफवलेल्या भरल्या रोट्या, म्हणजे सिड्डू, तुपात बुडवून खातात, सफरचंदाच्या झाडाखाली बसून फोटो काढतात आणि जातात.

खिमी आली ती छपरावरचा बर्फ काढायला. नाल्यापलीकडे, वरच्या वस्तीत तिचं माहेर. सतराव्या वर्षी बंजार गावाकडे लग्न करून दिलं, नवऱ्यानं दुसरी आणली, ही एक ट्रंक घेऊन परत आली. ना रडली ना कोणाच्या दारात जाऊन गाऱ्हाणं घातलं. बागांमधून सफरचंदाच्या पेट्या भरायची, हिवाळ्यात मिळेल ते काम करायची. माझ्याच शाळेत पाचवीपर्यंत शिकली म्हणे. मला ती वर्गात बसलेली आठवत नाही. बोलणाऱ्या पोरांची नावं मला पाठ असायची, गप्प बसणाऱ्यांची नाही. याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा नव्हती वाटत.

बर्फ काढता काढता ती खोल्या झाडू लागली, मग राजमा शिजवू लागली, मग पाहुणे तिलाच हाका मारू लागले. माझं आणि पाहुण्यांचं जमायचंच नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकलेला दिसला की माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची. एकदा तर दिल्लीच्या एका बँक मॅनेजरला मी दाराबाहेर उभं केलं. त्यानं फोनवर असं काही लिहून ठेवलं की दोन महिने कोणी फिरकलं नाही. तेव्हा खिमीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "मॅडमजी, वाटणी करू या. फोन तुमचा, दार माझं. कोण येणार ते तुम्ही ठरवा. आल्यावर त्यांचं काय करायचं ते मी ठरवीन. मध्ये यायचं नाही."

"अगं, घर कोणाचं?" मी म्हटलं.

"घर तुमचंच. राहायला येतात ते पाहुणे."

मी दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी कबूल झाले. जे मिळेल ते अर्धं अर्धं हेही तेव्हाच ठरलं. फक्त एक अट तिनं घातली: माघात दोघींनी एकमेकींना विचारल्याशिवाय कोणालाही घ्यायचं नाही.

माघाचं सांगायला हवं. संक्रांतीला आमचा माघ लागतो, त्या दिवशी आमचे देव वर स्वर्गात सभेला जातात आणि बेचाळीस दिवस परतत नाहीत. तोवर गावात आवाज करायचा नाही. टीव्ही बंद, फोन मुके, देवळातल्या घंटेची जीभ कापडानं बांधलेली. गाईंच्या गळ्यातली घुंगरं काढतात, लाकडं पौषातच फोडून ठेवतात, कुकर माळ्यावर जातो आणि राजमा दिवसभर तंदूरवर पातेल्यात शिजतो. कोंबडे नदीपलीकडच्या नातेवाइकांकडे पाहुणे म्हणून जातात. घरात हळू पुटपुटलेलं चालतं, पण बाहेर गल्लीत सगळं हातांनी. मूठ तळव्यावर आपटली की सिड्डू तयार. दोन बोटं ओठांशी नेली की चहा. कपाळावरून बोट ओढलं की कारदार, म्हणजे देवाचा कारभार बघणारा झाबे राम, येतोय. लहान पोरंसुद्धा हातांनी भांडतात, आणि शिव्याही हातांनी देतात, त्या मी इथे सांगत नाही.

आणि प्रत्येक घराला एक जामीन लागतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी देवळात कारदार घराघराचं नाव घेतो आणि त्या घरातलं एक माणूस पुढे येऊन म्हणतं, "मी राहतो." त्या घरातून आवाज झाला तर दोष त्याचा. साध्या घराला दंड म्हणून गावजेवण. पण पाहुणे ठेवणाऱ्या घरांसाठी गावानं कडक नियम केलाय: एकदा आवाज झाला की तीन वर्षं त्या घरात परका पाहुणा ठेवायचा नाही. तीन वर्षं! तोवर माझं घर पुन्हा स्मशान, आणि खिमी पुन्हा सफरचंदाच्या पेट्यांवर.

माझ्या घराला अर्थात मीच जामीन राहायची. गावात सगळ्यात मोठा आवाज असलेली बाई गप्प बसण्याची हमी देते म्हणून लोक तोंडं दाबून हसायचे. पण तीन वर्षांपूर्वी माघाच्या तोंडावर माझे दोन्ही गुडघे कामातून गेले. मुलगी म्हणाली, आता ऐकायचं नाही, मंडीला चल, ऑपरेशन करू. संक्रांतीला मी गावात नसणार होते.

आदल्या दिवशी मला दोघांनी खुर्चीवर बसवून देवळात नेलं. झाबे रामनं माझ्या घराचं नाव घेतलं, तसं मी खिमीकडे बोट दाखवलं.

झाबे रामची भुवई वर गेली. "ही? ही तर कामाला येते तुमच्याकडे. घरातलं माणूस लागतं, मॅडम. वरच्या वस्तीतली बाई, उद्या काही झालं आणि ही पळाली तर कोणाला धरायचं?"

माझ्या डोक्यात सणकलं. "पळायचं असतं तर अकरा वर्षं माझ्याजवळ राहिली असती? अरे, जमलं असतं तर मी स्वतः माझ्याजवळून पळाले असते! लिही तिचं नाव."

"गाव काय म्हणेल?"

"गावाला मी पाढे शिकवलेत. म्हणू दे काय म्हणायचं ते."

खिमी पुढे आली, डोईचा रुमाल नीट केला, "मी राहते," म्हणाली आणि परत मागे जाऊन उभी राहिली. झाबे रामनं नाव लिहिलं खरं, पण लिहिताना त्याचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं होतं. तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी मी खिमीवर भरवसा म्हणून नव्हे, झाबे रामची जिरवायची म्हणून बोलले. भरवसा नंतर आला.

ऑपरेशन झालं. मुलीच्या घरी पलंगावर पडून पडून मला वेड लागायची पाळी आली. हातात फोन, दुसरा उद्योग नाही. माघाचे अठरा दिवस झाले तेव्हा एक निरोप आला. पंजाबातली एक मुलगी, नवनीत नावाची. तिला चार दिवस वडिलांना घेऊन यायचं होतं. तुमच्या गावात शांतता असते असं वाचलं, म्हणून तुमच्याकडेच यायचंय. वडिलांना अजिबात ऐकू येत नाही, चालेल ना?

मी मनात म्हटलं, चालेल? अगं, धावेल! माघात याच्यापेक्षा चांगला पाहुणा कुठून मिळणार? ज्याला ऐकू येत नाही तो कसला गोंगाट करणार? ना त्याला गाणी लागणार, ना टीव्ही. खिमीला विचारायचं ठरलं होतं, पण तिचा फोन मुका. ती दोन दिवसांनी एकदा गावाबाहेरच्या पुलावर जाऊन मला फोन करायची. तोवर ही सोन्यासारखी माणसं दुसरीकडे गेली असती. मी "या" म्हणून कळवून टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुपारची झोप काढली.

तिसऱ्या दिवशी खिमीचा पुलावरून फोन आला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पलीकडे नुसता नदीचा आवाज.

"खिमी? ऐकतेस ना?"

"मॅडमजी," ती म्हणाली, "बहिरा माणूस बोलतो कसा, माहीत आहे का?"

"कसा?"

"माझा आजोबा बहिरा होता. स्वतःचा आवाज त्याला कळायचा नाही. तुमच्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा."

एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही! म्हटलं, "थांब, आत्ता रद्द करते. सांगते घराला कीड लागली म्हणून."

"ते कुठे पोचलेत?"

"बिलासपूर."

"मग कसलं रद्द करता? म्हातारा माणूस एवढ्या थंडीत अर्ध्या वाटेवर आलाय. दारातून परत नाही पाठवायचं कोणाला."

"आणि तीन वर्षं घर बंद झालं म्हणजे? तुझं काय होईल, विचार केलास?"

"दार माझं ना? मग मी बघते." आणि तिनं फोन ठेवला. माझ्याच हातात फोन असून माझ्याच घराचं दार मला लावता येत नव्हतं. त्या दिवशी मी मुलीवर, जावयावर आणि औषधं देणाऱ्या बाईवर, सगळ्यांवर खेकसले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण खिमीच्या तोंडून चिमट्यानं ओढून काढलंय आणि शेजाऱ्यांकडून ताडून घेतलंय.

ते आले. तरसेम लाल, वय एकाहत्तर, उंच, खांदे अजून दरवाजाएवढे. पस्तीस वर्षं लोखंडाच्या सळ्या ओढणाऱ्या कारखान्यात काढलेली, त्या धडधडाटात कान गेलेले. नवनीतनं खिमीला हळूच सांगितलं, कानाचं मशीन घेतलंय पण घालत नाहीत, डोकं भणभणतं म्हणतात. लग्नकार्यात नेत नाही, गुरुद्वाऱ्यात नेत नाही, कुठे गेलं की ओरडतात आणि लोक वळून बघतात. "म्हणून वाटलं, जिथे कोणीच बोलत नाही तिथे घेऊन जावं." बिचारीनं चांगल्याच मनानं केलं होतं.

पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यात पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अंगणात ऊन आलं, सगळं गाव आपापल्या सज्जात ऊन खात बसलेलं. तरसेम लाल अंगणातल्या खाटेवर. दारात खिमी आणि नवनीत कुजबुजत होत्या. त्यांचे ओठ हललेले त्यानं पाहिले. आणि त्यानं विचारलं, "काय चाललंय? माझ्याबद्दल बोलताय का? चहा मिळणार आहे की नाही?"

विचारलं म्हणजे गरजला. गल्लीच्या टोकापर्यंत, देवळाच्या पायरीपर्यंत गेला आवाज. कोणी म्हणतं त्यानं छपरावरचा बर्फ घसरला, ते खोटं. बर्फ आधीच घसरलेला होता. पण समोरच्या सज्जात झाबे राम टकळीवर लोकर कातत होता, त्याची टकळी थांबली. त्यानं आमच्या घराकडे पाहिलं, खिमीकडे पाहिलं, उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

नवनीत घाबरून बापाला हातानं गप्प करू लागली, ओठांवर बोट ठेवून "श्श, श्श" करू लागली. तिचे ओठ हलताना पाहून त्यानं पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात खिमीनं काय करावं? तिनं आपल्या डोईच्या रुमालाचं टोक ओढून नाकातोंडावरून बांधलं, मळणीच्या वेळी बायका बांधतात तसं. नवनीतच्या गळ्यातली शाल उचलून तिच्याही तोंडावर गुंडाळली. मग तरसेम लालच्या समोर उभी राहून दोन बोटं रुमालावरून ओठांशी नेली आणि भुवया उंचावल्या. चहा?

त्याचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग मिटलं. त्यानं मान हलवली. हो. आणि अंगठा आणि तर्जनी चिमटीत धरून दाखवली. साखर थोडी.

खिमीनं एका क्षणात ओळखलं होतं की हा माणूस उगीच ओरडत नाही. समोरच्याचे ओठ हलतात, आपल्याला काही कळत नाही, आपण सोडून सगळ्यांचं काहीतरी चाललंय, हे दिसलं की ओरडतो. ओठच दिसले नाहीत तर? मी मुलांना इतकी वर्षं शिकवलं, मला हे कधी कळलं असतं की नाही देव जाणे. तिनं शेजारच्या घरी जाऊन हातांनी सांगितलं, त्या घरानं पुढच्या घराला. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतल्या बायकांनी रुमाल नाकावर ओढले आणि बाप्यांनी मफलर वर केले. थंडी होतीच, कोणाला वेगळं काही करावं लागलं नाही. पण केलं त्यांनी, वरच्या वस्तीतल्या खिमीनं सांगितलं म्हणून केलं.

आणि मग ते घडलं जे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. कारखान्यात एवढा आवाज असायचा की तिथेही माणसं हातांनीच बोलायची! कोपर वर केलं की उचल. पंजा खाली दाबला की हळू. दोन बोटं गळ्याखाली आडवी ओढली की थांब, मध्ये माणूस आलाय. पस्तीस वर्षं तरसेम लालचे हात हेच बोलले होते, आणि घरी परतल्यावर त्या हातांशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. इथे येऊन बघतो तर काय, अख्खं गाव हातांनी बोलतंय. चार दिवसांत त्यानं आमच्या सगळ्या खुणा उचलल्या आणि त्याच्या खुणा पोरांना शिकवल्या. चार दिवसांचे बारा दिवस झाले.

मी परतले तेव्हा माघाचा तिसावा दिवस होता. पुलापासून दोघांनी खुर्चीवर उचलून आणलं. अंगणाच्या फाटकातून बघते तर उन्हात सहा-सात म्हातारे कोंडाळं करून बसलेले, मध्ये एक पगडीवाला धिप्पाड माणूस, आणि सगळ्यांचे हात नुसते उडतायत. काहीतरी विनोद झाला आणि सगळे हसले. हसले म्हणजे आवाज नाही, खांदे गदगद हलले, एकाच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या कोंडाळ्यात, पगडीवाल्याच्या मांडीला मांडी लावून कोण? झाबे राम! बायको घोरते कशी ते तो हातांनी दाखवत होता.

मला इतका आनंद झाला की मी तोंड उघडलं. खिमी कुठून धावत आली कोण जाणे, तिनं तिचा पिठाचा पंजा सरळ माझ्या तोंडावर दाबला. पिठासकट माझा आवाज गिळला मी. मालकिणीच्या तोंडावर हात! तिला पाचव्यांदा काढायला हवं होतं. त्याऐवजी मी तिथेच खुर्चीत बसून मुसमुसून रडले, आवाज न करता. माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच मुकं रडणं.

दोन दिवसांनी तरसेम लाल गेला. जाताना पुलापर्यंत निम्मं गाव. त्यानं खिमीसमोर उभं राहून उजवं कोपर वर केलं, उचल, आणि मग तोच हात आपल्या छातीवर ठेवला. नवनीत म्हणाली, हे त्यांच्या कारखान्यातलं नाही, हे त्यांनी आत्ताच केलं.

हे सगळं झालं, पण तो एक आवाज झालाच होता, आणि बेचाळिसावा दिवस जवळ येत होता. त्या दिवशी देव परततात. पण ढोल वाजण्याआधी सगळ्या जामिनांना देवळासमोर उभं राहून सांगावं लागतं: "पाळलं." सगळ्यांचं झालं की मगच ढोलावर पहिली काठी पडते.

मी खिमीला स्वयंपाकघरात गाठलं. हळूच म्हटलं, "नुसतं 'पाळलं' म्हण आणि मोकळी हो. एकदाचंच तर झालं. कोणी काही म्हणायचं नाही."

ती भांडी पुसत राहिली. म्हणाली, "झाला ना आवाज?"

"झाला, पण..."

"मग 'पाळलं' कसं म्हणू?"

"अगं वेडे, तीन वर्षं! मी म्हातारी, माझं काय. तू काय करशील? पुन्हा पेट्या भरशील?"

"भरीन. पेट्या भरायची लाज नाही मला. सगळे म्हणत होते वरच्या वस्तीतली बाई काय जामीन राहणार. आता खोटं बोलले तर ते खरं ठरेल." तिनं शेवटचं पातेलं फळीवर ठेवलं.

बेचाळिसाव्या दिवशी अख्खं गाव देवळाच्या अंगणात. एकेक घराचं नाव, एकेक "पाळलं". माझं घर आलं. खिमी पुढे गेली. नेसूचा लोकरी पट्टू कोरा, रुमाल लाल. म्हणाली, "कारदारजी, पूर्ण पाळलं नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी आमच्या अंगणातून आवाज झाला. पाहुण्याला कळत नव्हतं, त्याचा दोष नाही. जामीन मी आहे. दोष माझा."

मला राहवेना. काठी टेकत उठले, "अरे, पाहुणा मी बोलावला! हिला न विचारता मी..."

"मॅडमजी, तुम्ही बसा," खिमी म्हणाली. मागे न बघता.

मी बसले.

झाबे रामनं वहीवरून मान वर केली. मग गावाकडे वळला. "ही म्हणते आवाज झाला. कोणी ऐकला? ज्यांनी ऐकला त्यांनी हात वर करा."

अंगणात दोनशे माणसं. प्रत्येकानं ऐकला होता. गाढ झोपलेल्यांनीही ऐकला असेल. आणि हेच ते हात, जे गेला महिनाभर एक क्षण स्वस्थ बसले नव्हते. मी मान वळवून बघितलं. बायकांनी हात पट्टूच्या आत घेतले होते. बाप्यांचे खिशात. दिले रामची बायको, जिचं माझ्याशी पाण्याच्या नळावरून सात वर्षं भांडण आहे, जिला माझं घर बंद पडलेलं बघायला किती आवडलं असतं ते मला माहीत आहे, ती हात काखेत घालून आकाशाकडे बघत होती. एक पोर हात वर करू लागलं, तर आजीनं तो धरून खाली ओढला.

एकही हात वर आला नाही.

"मी समोरच राहतो," झाबे राम म्हणाला. "मी तर काही ऐकलं नाही."

खिमी भांबावली. "कारदारजी, तुम्ही तर उठून दार लावून घेतलंत."

"थंडी वाजत होती मला."

कोणीतरी फिसकन हसलं. झाबे राम हसला नाही. म्हणाला, "आवाज झाला म्हणणारी एक, आणि ऐकणारं कोणीच नाही. असं वहीत कसं लिहू? देव विचारतील, साक्षीदार कुठे?" त्यानं मान खाली घातली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "पाळलं."

ढोलावर काठी पडली. नवरा सोडून आली तेव्हा जी रडली नव्हती, ती माझी खिमी देवळाच्या अंगणात दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. आणि मी? बारा दिवसांचा कोंडलेला आवाज मी त्या दिवशी मोकळा सोडला. "बघा रे, बघा! ही माझ्या शाळेतली! ही माझ्या घराची जामीन!" नदीपलीकडच्या कोंबड्यांनीसुद्धा ऐकलं असेल.

त्याला तीन वर्षं झाली. आता फोनसुद्धा आमच्या दोघींच्यात आहे, आणि दार तर तिचंच आहे. यंदा पौष संपत आला तेव्हा मला कळलं की खिमी तीन घरांना जामीन राहणार आहे. हिवाळ्यात खाली मुलांकडे जाणारी माणसं आता तिलाच विचारतात. त्यातलं एक घर झाबे रामचं. तो मुलाकडे कुल्लूला चाललाय.

मी तिला गाठलं. "आणि आपलं घर? ते यादीत कितवं?"

"यादीत नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"ज्यांनी विचारलं त्यांची यादी आहे, मॅडमजी. तुम्ही विचारलंच नाही."

मी भडकणार होते. तोंड उघडलंही. मग लक्षात आलं, खरंच की. तेव्हा मी बोट दाखवलं होतं, "लिही तिचं नाव" म्हटलं होतं. दर वर्षी तेच म्हणत आले. विचारलं कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली आणि नाला ओलांडून वरच्या वस्तीत चढून गेले. नव्या गुडघ्यांनी पाऊण तास लागला. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते. वाटेत लोक थांबून बघत होते, "मॅडम, इकडे कुठे?" मी म्हटलं, कामाला चाललेय. तिच्या दारात उभी राहिले, धाप लागलेली, आणि शाळेत पोरं माझ्यापुढे उभी राहायची तसे माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

"खिमी," मी म्हटलं, "माझ्या घराला जामीन राहशील का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आत या, बसा," ती म्हणाली. "विचार करून सांगते." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.